उलटा राउंड

आमच्या कादंबरीला एका जागी बसवणं मला कधी जमलं नाही. मी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. मैदानावरची शेकडो पोरं माझ्या एका शिट्टीत गप्प उभी राहायची, पण घरातली एक पोरगी जेवण संपेपर्यंत पानावर बसली असं कधी झालं नाही. आता ती एकोणतीस वर्षांची घोडी आहे. अजूनही वरणभात कालवता कालवता उठते, कपाटाच्या आरशासमोर जाऊन एका पायावर उभी राहते, खरकटा हात हवेत धरून दुसऱ्या हाताने स्वतःची कंबर चाचपते आणि परत येऊन गार भात खाते. तिची आई आनंदी मला म्हणते, "अहो, बोला ना तिला काहीतरी." मी पुष्कळ वर्षं बोललो. आता माझं तोंडच जरा एका बाजूला ओढलेलं आहे, त्यामुळे बोलणं कमी केलंय.

तिचं काम काय ते लोकांना सांगायला गेलो की लोक माझ्याकडे दयेने बघतात. मुलगी इंजिनिअर झाली, हिंजवडीत एका कंपनीत लागली. सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढायची आणि संध्याकाळी उतरायची. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचा पगार मिळायचा. एके दिवशी ती ते सोडून कोथरूडच्या एका तीन खोल्यांच्या ऑफिसात गेली. तिथे चार-सहा पोरंपोरी मिळून मोबाइलवर खेळायचे गेम बनवतात. माझ्या मेव्हण्याने विचारलं, "गेम म्हणजे नक्की काय?" मी म्हटलं, "गेम म्हणजे खेळ. मीही जन्मभर तेच शिकवलं, सरकार त्याचं पेन्शन देतं." त्यानंतर त्याने विचारलं नाही.

आता ती चित्रं काढते, पण आपण काढतो तशी नाही. आनंदी पूर्वी दोसुतीवर भरायची, कापडाची घरं मोजून एकेका घरात एकेक टाका. ही तसेच कॉम्प्युटरवर एकेक चौकोन रंगवते. पूर्ण माणूस बत्तीस चौकोन उंचीचा. त्यात नाकाला जागा नसते, आणि गुडघ्याच्या वाट्याला एक चौकोन आला तर नशीब. तो एक चौकोन इकडचा तिकडे झाला की माणसाचा बाहुला होतो. माझा एवढा अभ्यास तिच्या बडबडीतून झाला आहे. ती मला मुद्दाम काही सांगत नाही, घरभर फिरत स्वतःशी बोलते आणि मी खुर्चीत असतो.

पहिलं वर्ष तिने झाडं आणि भिंती काढल्या. कौलं, विहिरी, पायऱ्या, वडाच्या पारंब्या. ते सगळ्यांना आवडलं. पण हिला माणसं काढायची होती. तिच्या ऑफिसचा प्रमुख राजस म्हणून आहे, तिच्यापेक्षा लहानच असेल. त्याने तिला एक संधी दिली. त्यांच्या नव्या गेममध्ये घाटातलं एक गाव आहे, आणि त्या गावात एक म्हातारा रोज संध्याकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत कंदील लावत जातो आणि परत येतो. हा म्हातारा कादंबरीने चालवून दाखवायचा. जमला तर पुढची सगळी माणसं तिची. नाही जमला तर म्हातारा बाहेरच्या कुणाला तरी देणार, आणि ही पुन्हा झाडांवर. राजसने हे गोड आवाजात सांगितलं म्हणे. गोड आवाजात सांगितलेल्या गोष्टी बदलत नाहीत, हा माझा मुख्याध्यापकांचा अनुभव आहे.

तिने म्हातारा काढला, ऑफिसात दाखवला आणि घरी येऊन चप्पल एका कोपऱ्यात आणि पर्स दुसऱ्या कोपऱ्यात फेकली.

"काय म्हणाला?" आनंदीने विचारलं.

"म्हणाला, तुझी सगळी माणसं सावधानमध्ये उभी आहेत." हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती.

"चांगलंय," मी म्हटलं. "हल्ली कुणी उभं राहतंय हेच पुष्कळ."

"बाबा, माझ्या डोक्यात तुमचंच सावधान बसलंय. टाचा जुळलेल्या, मुठी पँटच्या शिवणीवर, छाती पुढे. मी माणूस काढायला घेतला की तो आपोआप तसाच उभा राहतो. आणि चालायला लावला की परेड करतो."

"मग परेडचा गेम काढा."

ती उठून आरशाकडे गेली.

त्या दिवसापासून आमच्या घराचं शांतपण संपलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे हाडांचा आणि स्नायूंचा तक्ता लागला. आनंदीला चतुर्थी बघायला कातडी सोललेल्या माणसाच्या मागे हात घालून कॅलेंडर शोधावं लागायचं. कादंबरी येता-जाता त्या तक्त्यावर बोट ठेवायची, मग तेच बोट स्वतःच्या खांद्यावर, मग आईच्या. आईला पोळ्या लाटताना थांबवायची आणि म्हणायची, "आई, हलू नकोस. बघ, तुझं वजन उजव्या पायावर आहे, म्हणून उजवी कंबर वर आलीय आणि उजवा खांदा खाली गेलाय." आनंदी म्हणायची, "आणि तव्यावरची पोळी काळी झालीय." पण तिचं खरं होतं. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून कुणीच उभं राहत नाही. मी पोरांना तसं उभं करायचो तेही मी बघत असेपर्यंतच.

पहाटे उठून ती मंडईत जायला लागली, पाट्या उचलणाऱ्या हमालांच्या पाठी बघायला. एका भाजीवालीने तिला विचारलं म्हणे, "भाजी घ्यायची का नुसतंच बघायचंय?" ही नुसतंच बघून आली. फोनमध्ये वाकलेल्या पाठी, ताणलेल्या पोटऱ्या, पाटीखाली दबलेल्या माना. आनंदीने एवढंच म्हटलं की मंडईपर्यंत गेलीच होतीस तर कोथिंबिरीची एक जुडी आणली असती तर पाप लागलं नसतं.

तरी म्हातारा चालेना. मग तिने जिवंत माणसं उभी करायला घेतली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर अय्युबभाईंचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. ते माझे जुने मित्र, संध्याकाळी चहाला वर येतात. कादंबरीने त्यांच्या हातात कंदील म्हणून दुधाची किटली दिली आणि हॉलमध्ये चालायला सांगितलं. अय्युबभाईंनी पोट आत घेतलं, हनुवटी वर केली, आणि लग्नाच्या व्हिडिओत चालतात तसे चालत गेले.

"चाचा, नॉर्मल चाला ना."

"बेटा, हेच माझं नॉर्मल आहे," अय्युबभाई म्हणाले आणि अजून थोडं पोट आत घेतलं.

ती हसली, पण हसणं लगेच विझलं. राजसने दिलेला महिना संपत आला होता. कुणी बघतंय म्हटलं की माणूस ताठ होतो, आणि न बघता चित्र कसं काढायचं, हा तिचा घोळ होता. नखं खाऊन संपली होती. बोलता बोलता ती गप्प व्हायची आणि समोरच्याच्या गळ्याच्या हाडाकडे बघत बसायची. शेवटी एकदा ती माझ्या खुर्चीपाशी आली आणि जमिनीवर उकिडवी बसली.

"बाबा, तुम्ही चालाल का माझ्यासाठी?"

"नाही," मी म्हटलं.

"फक्त एकदा."

"मी नमुना म्हणून उभा राहणार नाही. दुसरं कुणी बघ."

हे मी इतक्या जोरात बोललो की आनंदी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

कारण सांगायला हवं. गेल्याच्या गेल्या वर्षी मला पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, पण सरळ पुढे येत नाही, बाहेरून अर्धा गोल काढून येतो. हात कोपरात मुडपून पोटाशी बसलाय, मूठ वळलेली. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, चालत राहा. चालतोय. पण ज्याने तीस वर्षं दुसऱ्यांच्या चालीतल्या चुका काढल्या, सगळ्या मैदानासमोर नाव घेऊन काढल्या, त्याला आपली चाल कुणी बघितलेली सोसत नाही. मला लाज वाटते. आमची खुर्चीसुद्धा मी अशी लावून घेतलीय की डावी बाजू भिंतीकडे राहते. कुणी आलं तर त्याला उजवीकडचा दीनानाथ दिसतो, आणि तो अजून ठीकठाक आहे.

व्यायामालाही मी खाली उतरत नाही. बिबवेवाडीत माझे जुने विद्यार्थी गल्लोगल्ली आहेत. आमच्या गॅलरीला दोन दारं आहेत, एक हॉलचं आणि एक बेडरूमचं. मी हॉलच्या दाराने बाहेर पडतो, उजव्या हाताने खिडक्यांचे गज धरत गॅलरीभर जातो, बेडरूमच्या दाराने आत येतो आणि पॅसेजमधून परत हॉलमध्ये. याला मी राउंड म्हणतो. राउंड नेहमी एकाच दिशेने. घराकडे उजवी बाजू, आणि डाव्या बाजूला दोरीवर वाळणारे कपडे, म्हणजे रस्त्यावरूनही काही दिसत नाही. सगळा विचार करून आखलेलं आहे.

माझ्या नकारानंतर कादंबरीने पुन्हा विचारलं नाही, आणि इथेच मला संशय यायला हवा होता. ती सकाळी हॉलच्या खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसायला लागली. मला वाटलं, उजेडासाठी.

शनिवारी ती आंघोळीला गेली होती. सोमवारी सकाळी म्हातारा ऑफिसात दाखवायचा होता. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता आणि मी राउंड संपवून पाणी प्यायला थांबलो. पडद्यावर एक बोटाच्या पेराएवढा माणूस कंदील घेऊन चालत होता. डोक्याला मुंडासं, अंगावर घोंगडी. चेहरा म्हणजे दोन-तीन चौकोन. तरी मी त्याला ओळखलं. त्याचा पलीकडचा पाय अर्धा गोल काढून पुढे येत होता. उजवा खांदा त्या पायाची वाट बघितल्यासारखा जरा थांबत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विचारल्यावर नाही म्हटलं, तर चोरून घेतलं. माझी लाज बत्तीस चौकोनांत बसवून आता घरोघरच्या मोबाइलवर चालवणार. ती बाहेर आली की काय काय बोलायचं ते मी मनात रांगेत उभं करत होतो. तेवढ्यात म्हातारा गावाच्या टोकाला पोहोचला, वळला आणि परत यायला लागला.

आणि मी तिथेच थांबलो. येताना त्याचा दुसराच पाय लंगडत होता.

कादंबरी केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली, मला बघितलं आणि जागीच उभी राहिली. 

"बाबा, मी सांगणारच होते. राजसला काल अर्धा पाठवला. तो म्हणाला, पहिल्यांदा माणूस वाटतोय. मी तुमचं नाव..."

"पाय चुकलाय," मी म्हटलं.

"काय?"

"जाताना डावा ओढतो, येताना उजवा. माझा उजवा पाय चांगला आहे. त्याला का लंगडा केलास?"

ती वाकून बघायला लागली. म्हातारा गेला, आला, गेला, आला. मग ती खुर्चीवर बसली आणि लगेच उठली.

"सगळे असंच करतात," ती म्हणाली. "एका बाजूचं चालणं काढायचं आणि येतानासाठी तेच चित्र फ्लिप करायचं, आरशात दिसतं तसं. निम्मं काम वाचतं. साध्या माणसाचं काही कळत नाही. कुणीच बघत नाही, बाबा."

"मी बघितलं."

"सोमवारी द्यायचंय. असंच दिलं तरी तो घेईल."

"मग दे."

ती घरभर फिरायला लागली. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर, हॉल. तक्त्यासमोर थांबली, पुढे गेली. टॉवेल सुटून खाली पडला तो तिने उचलला नाही. मला हा अनुभव आहे, की चूक एकदा दिसली की ती दिसतच राहते. मी खुर्चीत बसून बघत होतो, आणि खरं सांगायचं तर मला आतून वाईट आनंदही होत होता. चोरी पकडली गेली होती. दुपारी ती जेवली नाही. संध्याकाळी अय्युबभाई आले, त्यांना तिने चहा दिला आणि साखर घालायला विसरली. ते बिचारे तसाच प्यायले.

शेवटी ती पुन्हा माझ्या खुर्चीपाशी उकिडवी बसली.

"मी येताना वेगळा काढायला तयार आहे," ती म्हणाली. "उद्याचा पूर्ण दिवस आहे. पण मला येत नाही. तुमची डावी बाजू मी बघितलेलीच नाही. दोन वर्षं झाली, बाबा. तुम्ही ती कुणालाच दाखवत नाही. हात कुठे असतो, खांदा कुठे जातो, पाऊल टेकतं कसं, मला काही माहीत नाही. अंदाजाने काढला तर तो परत बाहुला होईल."

 तिने पुढे काही मागितलं नाही. फक्त उठून जाताना तिने माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला तो अर्धवटच जाणवला.

रविवारी सकाळी आनंदी पोह्यांची तयारी करत होती. कादंबरी खिडकीपाशी बसली होती, समोर लॅपटॉप, पडद्यावर रिकामे चौकोन. मी खुर्चीतून उठलो. रोज हॉलच्या दाराकडे वळतो तो पॅसेजकडे वळलो, बेडरूममध्ये गेलो आणि तिथल्या दारापाशी थांबलो. गॅलरी तीच होती, पण उलट्या दिशेने ओळखीची वाटेना. खिडक्यांचे गज आता डावीकडे होते, म्हणजे असून नसल्यासारखे. उजव्या हाताला कठडा होता. तो धरायचा म्हणजे वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारायच्या, म्हणजे समोरच्या इमारतीलाही दर्शन. मी चादरी सारल्या. समोर कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. घालू दे, म्हटलं.

उंबऱ्यावर पाय अडखळला.  मी पहिलं पाऊल टाकलं, मग दुसरं ओढलं. हॉलच्या खिडकीसमोर आलो तेव्हा मी समोर बघत होतो, मान ताठ, जशी संचलनात पाहुण्यांसमोरून जाताना असते. डाव्या कानाला आतली शांतता ऐकू येत होती. आनंदीचा चाकू कांद्यावर चालत होता तोही थांबला.

त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. सोमवारी तो ऑफिसात चालून दाखवला गेला, जातानाही आणि येतानाही डावा पाय ओढत. राजसने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाला, हा राहू दे, बाकीच्यांना पण तूच घे. येताना वेगळा काढलाय हे त्याच्या लक्षात आलं नाही. कादंबरीने सांगितलंही नाही.

पण मला सांगायचंय ते रविवारचं. मी खिडकीच्या पलीकडे जात होतो, एवढ्यात ती आतून हळूच म्हणाली, "बाबा, हात."

"काय झालं हाताला?"

"हलतोय."

"कसला हलतोय. झोपलाय तो."

"नाही. उजवा पाय टाकलात की कोपर पुढे येतंय. थोडंसंच. पण येतंय."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? माझं काम वाढलंय. मला प्रत्येक चित्रात एक चौकोन सरकवावा लागणार."

मी खाली बघितलं. बघितल्याबरोबर हात पोटाशी घट्ट बसला, रोज बसतो तसा.

"बघू नका ना," ती म्हणाली. "बघितलं की तो सावधान होतो."

मी हॉलच्या दाराने आत आलो. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. खुर्ची समोर होती. कादंबरी जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते आणि पडद्यावर एक अर्धा म्हातारा डावीकडे तोंड करून उभा होता.

"अजून एक राउंड लागला असता," ती म्हणाली. "पण तुम्ही दमलात. राहू दे."

"दमलो असं कोण म्हणालं? उठू नकोस, तिथेच बस," मी म्हटलं. "आणि हाताकडे नीट बघ. मला तो दिसत नाही."

ती बसून राहिली. मी पुन्हा बेडरूमच्या दाराकडे निघालो.